एक स्लॉट, चौदा नावं

पत्र थोडक्यात (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत):

पत्रलेखिका मराठवाड्यातल्या एका उपजिल्हा रुग्णालयात फिजिशियन आहेत. त्यांच्या डायलिसिस युनिटमध्ये सहा मशिन्स आहेत. त्यातलं एक कावीळ 'ब' असलेल्या रुग्णांसाठी वेगळं ठेवलेलं. बाकीची पाच दोन शिफ्टमध्ये, आठवड्याचे सहा दिवस चालतात आणि वीस रुग्णांना आठवड्यातून तीनदा डायलिसिस मिळतं. वेटिंगवर चौदा नावं आहेत. गेल्या आठवड्यात, चार वर्षं नियमित येणारे एक रुग्ण वारले आणि एक स्लॉट रिकामा झाला.

यादीत पहिलं नाव ६८ वर्षांच्या निवृत्त गुरुजींचं. ते ११ आठवडे थांबले आहेत. तोवर शहरातल्या एका खासगी सेंटरवर पैसे भरून आठवड्यातून दोनदा जातात. त्यांना अजून बऱ्यापैकी लघवी होते, म्हणजे मूत्रपिंडं थोडंफार काम करताहेत. नवव्या क्रमांकावर ३१ वर्षांची एक बाई आहे, ऊसतोडीला जाणारी, दोन लहान मुलांची आई. मानेत नळी. लघवी जवळपास बंद. महिन्याभरात तीनदा रात्री धाप लागून कॅज्युअल्टीत आली आणि तिन्ही वेळा कशीबशी मधली वेळ काढून तिचं डायलिसिस केलं. तालुक्यातल्या एका पुढाऱ्याचा तिसऱ्याच नावासाठी फोन आला आहे. शिवाय चालू रुग्णांपैकी एक जण दारू पितात, महिन्यातून तीन-चार वेळा येतच नाहीत. सहकारी म्हणतात, त्यांना काढा म्हणजे दोघांची सोय होईल.

गुरुजींच्या मुलाला डॉक्टरांनी सांगितलंय, "एक मशीन बंद आहे, दुरुस्त झालं की बोलावते." मशीन बंद नाही. पत्राच्या शेवटी त्या लिहितात, "गुरुजींचं आयुष्य जगून झालंय, तिचं अजून व्हायचंय, असं मनात येतं आणि मग असं मनात आल्याचीच भीती वाटते. हे ठरवणारी मी कोण? देव आहे का मी?"

डॉक्टर,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा 'मशीन बंद आहे' या वाक्यापाशी अडखळले. हे वाक्य मीही वापरलेलं आहे. रेसिडेंट असताना आमच्या वॉर्डात एकच व्हेंटिलेटर चालू स्थितीत होता आणि एका रात्री त्याची गरज असलेले दोघे आले. एकाला तो लावला. दुसऱ्याच्या मुलाच्या हातात अंबू बॅग, म्हणजे हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी, दिली, कशी दाबायची ते दाखवलं आणि सांगितलं की दुसरं मशीन बिघडलंय. दुसरं मशीन नव्हतंच. तो मुलगा रात्रभर बॅग दाबत बसला. सकाळी राउंडला गेले तेव्हा त्याने मला विचारलं, "मॅडम, मशीन दुरुस्त झालं का?" त्याचे वडील दुपारी गेले. इतक्या वर्षांत व्हेंटिलेटर कुणाला लावला याबद्दल मला फारसं वाईट वाटलेलं नाही. पण तो प्रश्न अजून ऐकू येतो.

म्हणून सुरुवात तिथूनच करते. मशीन बंद आहे असं आपण दयेपोटी सांगतो, थोडं भीतीपोटीही. नातेवाइकांचा राग अंगावर येईल ही भीती खोटी नाही. डॉक्टरांवरच्या हल्ल्यांसाठी आपल्या राज्यात २०१० पासून वेगळा कायदा आहे, तो काही हौसेने झालेला नाही. पण त्या एका वाक्याने काय होतं ते बघा. मशीन दुरुस्त होणार असेल तर घरचे वाट बघतात. जागाच नाही हे कळलं तर ते हातपाय हलवतात. गुरुजींचा मुलगा ११ आठवडे दुरुस्तीची वाट बघतोय. एवढ्या वेळात त्याला दुसऱ्या सेंटरच्या यादीत नाव घालता आलं असतं. आता जातात ते खासगी सेंटर महात्मा फुले जनआरोग्य योजनेत आहे का, हे विचारता आलं असतं. मला शंका आहे की ते कुणी विचारलेलंच नाही. पांढरं रेशनकार्ड, पेन्शन, त्यामुळे 'योजना आपल्यासाठी नाही' हे अनेक मास्तरांच्या घरात गृहीत धरलेलं असतं. पूर्वी ते खरंही होतं. आता ही योजना राज्यातल्या सगळ्या कुटुंबांसाठी खुली आहे आणि संरक्षण वर्षाला पाच लाखांपर्यंत वाढलं आहे. तुमच्या रुग्णालयात या योजनेचा मदतनीस, आरोग्यमित्र, बसतो ना? गुरुजींच्या मुलाला उद्याच त्याच्याकडे पाठवा. कदाचित तुमचा अर्धा पेच तिथेच सुटेल.

आता 'देव आहे का मी' याबद्दल. तुमच्या आधी हा प्रश्न याच मशीनपाशी विचारला गेलेला आहे. १९६० मध्ये अमेरिकेतल्या सिएटलमध्ये बेल्डिंग स्क्रिबनर या डॉक्टरांनी हातात कायम राहणारी टेफ्लॉनची नळी बसवली आणि मूत्रपिंडं कायमची निकामी झालेल्या माणसाला वारंवार डायलिसिस देऊन वर्षानुवर्षं जगवणं पहिल्यांदा शक्य झालं. तोवर डायलिसिस म्हणजे तात्पुरत्या आजारापुरता उपाय होता. लगेच प्रश्न आला की मशिन्स मोजकी, रुग्ण अमाप. तिथल्या डॉक्टरांनी आधी वैद्यकीय चाळणी लावली आणि उरलेल्यांतून निवडायला सात सामान्य नागरिकांची समिती नेमली. एक वकील, एक धर्मोपदेशक, एक बँकवाले, एक गृहिणी, एक सरकारी अधिकारी, एक कामगार पुढारी, एक सर्जन. त्यांची नावं गुप्त होती. १९६२ मध्ये त्यांच्या कामाची माहिती छापून आली आणि लोक हादरले. कारण समिती बघत होती ती माणसाची मिळकत, शिक्षण, लग्न झालंय का, मुलं किती, चर्चमध्ये जातो का, समाजाला त्याचा उपयोग किती. ही माणसं दुष्ट नव्हती, तुमच्यामाझ्यासारखीच रात्री न झोपणारी होती. पण हातात नियम नसला की सज्जन माणूससुद्धा आपल्यासारखा दिसणारा माणूस निवडतो. पुढे १९७२ मध्ये अमेरिकेने कायदा करून जवळपास सगळ्यांच्या डायलिसिसचा खर्च सरकारकडे घेतला, तेव्हा कुठे ती निवड थांबली.

तुमच्या पत्रातलं ते वाक्य, 'गुरुजींचं आयुष्य जगून झालंय', मला त्या समितीच्या खोलीतलं वाटलं. राग मानू नका. वयाला काहीच अर्थ नाही असं मी म्हणत नाही. वयामुळे उपचार सोसेना, फायदा कमी झाला, तर तो वैद्यकीय मुद्दा आहे आणि तो प्रत्येक रुग्णापुरता तपासता येतो. पण 'जगून झालंय' हा निकाल आहे, तपासणी नाही. आपल्याकडे मृत दात्याच्या अवयवासाठी नाव नोंदवायला ६५ वर्षांची जी वयोमर्यादा होती, ती केंद्र सरकारने २०२३ मध्ये काढून टाकली. जिथे अवयव मशीनपेक्षाही दुर्मिळ, तिथेसुद्धा नुसत्या वयावरून दार बंद करायचं नाही असं ठरलं. आणि दोन मुलांची आई म्हणून तिला आधी, असं म्हणालात, तर उद्या मूल नसलेली बाई समोर आली की तिचं काय?

याच्या उलट बाजूचा एक समज तुमच्या सहकाऱ्यांच्या तोंडी दिसतो, 'सरळ नंबराने द्या, विषय संपला'. ऐकायला स्वच्छ वाटतं. पण नंबर कुणाला आधी मिळतो? ज्याच्या घरात शिकलेला मुलगा आहे, ज्याची क्रिएटिनिनची, म्हणजे मूत्रपिंडाच्या कामाची, तपासणी वेळेवर झाली, ज्याला युनिटचा फोन नंबर माहीत आहे, त्याला. ती बाई सहा महिने फडावर असणार. पाय सुजले तेव्हा तिने मेडिकलमधून गोळ्या घेतल्या असतील, आणि निदान झालं ते थेट धाप लागल्यावर. ती नववी आहे कारण ती उशिरा पोचली आणि उशिरा पोचली कारण ती ती आहे. नुसती रांग लावली तर गावातली जुनीच उतरंड आपण नव्या वहीत उतरवून घेतो. तरीही रांग पूर्ण टाकून देऊ नये. दोघांची गरज सारखी असेल तेव्हा आधी आलेल्याला आधी, यापेक्षा बरा नियम मला सापडलेला नाही.

मग करायचं काय? मला सांगायचं आहे ते इतकंच, डॉक्टर, की नाव समोर येण्याआधी नियम लिहून काढा, आणि तो एकट्याने लिहू नका. नाव दिसलं की मन वकील होतं, आधी निकाल देतं आणि मग कारणं शोधतं.

नियम फार लांबलचक नको. मी तुमच्या जागी असते तर असा क्रम लावला असता. आधी बघायचं की डायलिसिस मिळालं नाही तर जीव किती जवळ आलेला आहे, म्हणजे वाढतं पोटॅशियम, फुप्फुसात साठणारं पाणी, पुन्हा पुन्हा इमर्जन्सीत येणं. मग बघायचं की इथे मिळालं नाही तर या माणसाला दुसरीकडे कुठेही मिळतंय का. त्यानंतर डायलिसिसचा त्याला फायदा होईल का, शरीर सोसेल का. हे सगळं सारखं निघालं तर तारीख बघायची. वय, मुलं, धंदा, जात, गाव, ओळख, स्वभाव यांना रकानाच ठेवायचा नाही. ही नोंद तुम्ही, मुख्य डायलिसिस टेक्निशियन, इन्चार्ज सिस्टर आणि जिल्ह्याहून येणारे किंवा फोनवर उपलब्ध असलेले नेफ्रॉलॉजिस्ट (मूत्रपिंडतज्ज्ञ) अशा चौघांनी बसून करा. वैद्यकीय अधीक्षकांची सही घ्या. नियम युनिटच्या दाराबाहेर मराठीत लावा. निर्णय पटला नाही तर कुणाकडे जायचं आणि किती दिवसांत उत्तर मिळेल, तेही खाली लिहा. तत्त्वज्ञ नॉर्मन डॅनियल्स आणि मनोविकारतज्ज्ञ जेम्स सेबिन या दोघांनी १९९७ पासून हेच मांडलं आहे. कुणाला आधी द्यायचं यावर सगळ्यांचं एकमत कधीच होणार नाही. पण निर्णय उघड असेल, कारणं पटण्याजोगी असतील, त्याविरुद्ध दाद मागता येत असेल आणि हे सगळं पाळलं जातंय यावर कुणाचं तरी लक्ष असेल, तर हरलेला माणूसही तो मान्य करू शकतो.

तुमच्या पत्रातल्या माहितीवर हा क्रम लावून पाहिला, तर रिकामा स्लॉट त्या बाईला जातो. तिला लघवी नाही, महिन्यात तीनदा ती मरणाच्या दारातून परत आली आणि तिला दुसरीकडे कुठेच मिळत नाही. गुरुजींना दुसरीकडे मिळतंय. अपुरं आणि महागाचं आहे, पण मिळतंय. निकाल तुमच्या मनातलाच निघाला, तरी एक करून बघा. कागदावर दोघांची वयं अदलाबदल करा. ६८ वर्षांच्या आजी रात्री धापा टाकत येतात आणि ३१ वर्षांचा तरुण शिक्षक शहरात पैसे भरून जातोय. तरीही स्लॉट आजींनाच द्याल का? हाताने 'हो' लिहिता आलं, तर तुमचा निर्णय नियमाने झाला. नाही लिहिता आलं, तर अजून थोडं बसावं लागेल.

आता जरा हिशोबाकडे येऊ, कारण असल्या पेचात आपण माणसांचं वजन करत बसतो आणि मशीनचे तास मोजायचे राहून जातात. पाच मशिन्स, दोन शिफ्ट, सहा दिवस, म्हणजे आठवड्याला ६० सत्रं. वीस जणांना तीनदा दिलं की ६० संपली. सगळ्यांनाच दोनदा केलं तर तीस जण मावतील, असं तुमच्याकडे कुणीतरी म्हणालेलंच असेल. सरसकट तसं करू नका. लघवी बंद झालेल्या माणसाला दोन सत्रांमध्ये चार दिवसांची फट पडली की तो शनिवारी रात्री कॅज्युअल्टीत येतो. पण ज्यांना अजून चांगली लघवी होते, वजन दोन सत्रांमध्ये फारसं वाढत नाही, पोटॅशियम आटोक्यात आहे, त्यांना काही काळ आठवड्याला दोनदा पुरू शकतं. २४ तासांची लघवी मोजायला कॅनशिवाय काही लागत नाही. वीस जणांची मोजा आणि नेफ्रॉलॉजिस्टना दाखवा. असे तिघे निघाले तरी तीन सत्रं मोकळी होतात, म्हणजे एका माणसाची पूर्ण सोय. दर महिन्याला पुन्हा मोजायचं आणि लघवी कमी झाली की त्यांना तीनवर परत आणायचं, हे मात्र त्यांना आधी शब्द देऊन. नाहीतर ते काटकसरीचे बळी होतील.

गुरुजींना लघवी होते असं तुम्हीच लिहिलंय. आठवड्याला दोनच सत्रं लागणाऱ्यांपैकी ते असतील, तर त्यांच्यासाठी जागा काढणं वाटतं तितकं अवघड नाही.

आणि तिसरी शिफ्ट. तिसरी शिफ्ट म्हणजे आठवड्याला आणखी ३० सत्रं, दहा माणसं. चौदापैकी दहा! मशिन्स आहेत, पाणी शुद्ध करणारा आरओ आहे, नाहीत ते दोन टेक्निशियन आणि एक सिस्टर. ही गोष्ट तुमच्या हातात नाही हे मला माहीत आहे. पण ती मागणं तुमच्या हातात आहे. जिल्हा रुग्णालयांमधून मोफत डायलिसिस देण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात जाहीर झाला तोच मुळी गरीब माणसाला शहरात जावं लागू नये म्हणून. तुमची वेटिंग लिस्ट आतापर्यंत तुमच्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये असेल. ती दर महिन्याला जिल्हा शल्यचिकित्सकांना लेखी जाऊ द्या. किती थांबलेत, किती आठवडे थांबलेत, किती जण थांबता थांबता गेले. शेवटचा आकडा लिहायला हात जड होईल, तरी लिहा. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पश्चिम बंगालमधल्या एका खटल्यात, रेल्वेतून पडलेल्या माणसाला सरकारी रुग्णालयांनी जागा नाही म्हणून परत पाठवल्याबद्दल राज्याला जबाबदार धरलं आणि पैसे नाहीत ही सबब चालणार नाही असं स्पष्ट सांगितलं. त्याच निकालात, कुठल्या रुग्णालयात जागा आहे हे लगेच कळेल अशी एकत्र यंत्रणा हवी असंही म्हटलं होतं. तुमच्या जिल्ह्यात किती डायलिसिस सेंटर्स आहेत? त्यांचे टेक्निशियन एकमेकांना नक्की ओळखत असतील. त्यांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप करून रोज सकाळी रिकामी सत्रं टाकायची, एवढ्यानेही दोन-चार माणसांची धाप टळेल.

रोज एक सत्र मात्र कुणाच्याही नावावर न लावता इमर्जन्सीसाठी ठेवता येतं का, ते बघा. तुम्ही म्हणाल, चौदा जण ताटकळत असताना एक जागा रिकामी? ती रिकामी राहत नाही हो. आता ती मधल्या वेळेत, रात्री, दमलेल्या टेक्निशियनच्या हातून भरली जाते, इतकंच.

पुढाऱ्यांचा फोन. तो येणारच. त्यांना सरळ 'नाही' म्हणायची गरज नाही आणि 'बघते' तर अजिबात म्हणू नका. 'साहेब, नाव नोंदवून घेतलं. कागदपत्रं आणि रिपोर्ट घेऊन पेशंटला पाठवा, गरज तपासून क्रमांक देतो, क्रमांक बोर्डावर असतो.' एवढंच, आणि प्रत्येक वेळी याच शब्दांत. फोन आल्याची नोंद वहीत करा, तारखेसह, सिस्टरसमोर. रुग्ण कल्याण समितीत लोकप्रतिनिधी असतात, त्यांचा उपयोग तिसऱ्या शिफ्टसाठी करून घ्या, कारण त्यांच्या एका पत्राने जे होतं ते तुमच्या दहा अर्जांनी होत नाही. पण कुणाचं नाव आधी, हा विषय त्या समितीपुढे कधीही नेऊ नका. फोनवाल्या साहेबांचा पेशंट खरोखरच धापा टाकत असेल, तर फोन आला म्हणून त्याला मागेही ढकलू नका. त्याचं पोटॅशियम इतरांसारखंच तपासा.

आता दारू पिणाऱ्या पेशंटबद्दल. सहकाऱ्यांचा संताप मला समजतो. मशीन लावून, फ्लुइड तयार ठेवून चार तास वाट बघायची आणि माणूस येत नाही. तिकडे बाहेर चौदा जण. पण त्यांना काढून टाकणं म्हणजे दोन आठवड्यांत मरण, हे आपण सगळेच जाणतो. एवढी मोठी शिक्षा द्यायला आपण बसलेलो नाही. ते का येत नाहीत हे कुणी विचारलंय का? गाव किती लांब, एसटी कधीची, सोबत कोण? डायलिसिसच्या रुग्णांना एसटीत सवलत आहे हे त्यांना माहीत आहे का? सत्रानंतर पायात गोळे येतात, दिवसभर गळून जायला होतं, रोज बुडतो, म्हणून येत नाहीत का? आणि दारू आधी आली की डायलिसिस आधी आलं, हेही विचारण्यासारखं आहे. एक नियम मात्र सगळ्यांना सारखा लावा. सत्राच्या वेळेनंतर अर्ध्या तासात आला नाहीत आणि फोनही केला नाहीत, तर त्या दिवसाचं सत्र वेटिंगवरच्या जवळच्या माणसाला. त्या दिवसाचं, कायमचं नाही. त्यासाठी वेटिंगवरच्या ज्यांना तासाभरात पोचता येईल आणि ज्यांचे कावीळ 'ब', 'क' आणि एचआयव्हीचे रिपोर्ट ताजे आहेत, अशा तिघाचौघांचे नंबर टेक्निशियनकडे असू द्या. हे सत्र महिन्यातून तीन-चारदा फुकट जात होतं, ते तरी वापरात येईल.

सगळ्यात कठीण काम गुरुजींशी बोलण्याचं. मुलाशी नव्हे, गुरुजींशी. ४० वर्षं पोरांना हजेरीवरून हाक मारलेल्या माणसाला रांग आणि नंबर कळतो. त्यांना समोर बसवा आणि सांगा की मशीन बंद नव्हतं, मी खोटं बोलले, मला सांगायचं धाडस झालं नाही. एक जागा झाली आणि ती तुमच्याहून जास्त धोक्यात असलेल्या रुग्णाला दिली. कोणाला दिली हे सांगायचं नाही, पण का दिली ते सांगायचं. तुमचा क्रमांक अजून पहिलाच आहे आणि तोवर आम्ही हे हे करतोय. ते चिडतील कदाचित. चिडू द्या, त्यांचा हक्क आहे.

याच भेटीत एक मोह होईल, त्याबद्दल सावध करते. वय झालेल्या, हृदय थकलेल्या, इतर आजारांनी जर्जर झालेल्या काही रुग्णांना डायलिसिसने आयुष्य फारसं वाढत नाही आणि उरलेले दिवस मात्र रुग्णालयात जातात. अशांना औषधं, आहार आणि त्रास कमी करणारी शुश्रूषा यांवर घरी राहणं जास्त बरं असू शकतं, किंवा 'दोन-तीन महिने करून बघू, मग ठरवू' असंही म्हणता येतं. ही चर्चा प्रामाणिक आहे आणि आपल्याकडे ती फार कमी होते. पण जागा कमी आहे म्हणून ती करायची नाही. गुरुजी चालते-फिरते आहेत, बसने शहरात जातात. आज त्यांच्यापुढे हा विषय काढलात तर त्यांना बरोबर कळेल की तो का निघाला. ही चर्चा करायची तर स्लॉट रिकामे असतानाही ज्याच्याशी कराल त्याच्याशीच करा.

हे सदर वाचणाऱ्या, घरात डायलिसिसचा पेशंट असलेल्या मंडळींसाठी दोन शब्द, कारण, डॉक्टर, तुमच्या दाराबाहेर तीच बसलेली आहेत. एकाच सेंटरच्या यादीवर थांबू नका, दोन-तीन ठिकाणी नाव घाला आणि आपला क्रमांक किती हे दर पंधरा दिवसांनी विचारा. विचारणं म्हणजे भांडण नव्हे. रेशनकार्ड, आधार आणि तिन्ही रक्ततपासण्यांचे रिपोर्ट एका पिशवीत तयार ठेवा, ऐनवेळी बोलावणं आलं आणि रिपोर्ट नाही म्हणून जागा गेली असं मी पाहिलंय. मानेतल्या नळीवर महिनोन् महिने काढू नका. हातातली फिस्टुला (डायलिसिससाठी शीर आणि धमनी जोडण्याची छोटी शस्त्रक्रिया) लवकर करून घ्या, ती तयार व्हायला दीड-दोन महिने तरी जातात, आणि त्या हाताला कुणाला सुई टोचू देऊ नका, बीपीही बघू देऊ नका. कावीळ 'ब'ची लस डॉक्टरांना विचारून घ्या. जवळ ट्रस्टचं मोठं रुग्णालय असेल तर तिथे दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवणं त्यांच्यावर बंधनकारक आहे, समाजसेवा अधीक्षकांना भेटा. घरात मूत्रपिंड देऊ शकणारं कुणी नसेल, तरी मृत दात्याकडून मिळणाऱ्या मूत्रपिंडासाठी नोंदणी करून ठेवा. मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथल्या विभागीय केंद्रांकडून ती यादी चालते आणि त्यातले गुण कशाचे किती हे लिहून ठेवलेलं आहे. ज्यांच्या यादीत तुम्ही आहात त्यांना 'तुमच्याकडचा नियम काय?' हे विचारायला लाजू नका.

डॉक्टर, एक गोष्ट राहिली. स्लॉट रिकामा कसा झाला, याला तुमच्या पत्रात फक्त एक ओळ आहे. चार वर्षं, आठवड्यातून तीनदा, म्हणजे सहाशेच्या वर वेळा ते गृहस्थ तुमच्या युनिटमध्ये येऊन पडले असतील. त्यांची खुर्ची कुठली, त्यांना कुठली सिस्टर चालायची, सुई लावताना ते कुणीकडे बघायचे, हे तुमच्या सगळ्यांना पाठ असणार. त्यांच्या जागेवर नाव कुणाचं, या धावपळीत त्यांच्या घरी कुणी गेलं नसेल असं मला वाटतं. टेक्निशियन आणि सिस्टरला सोबत घेऊन या रविवारी जाऊन या. लांब असेल तर निदान फोन करा.